चाकाखालचा दगड

मित्रांनो, मी दगडधोंड्यांच्या वाटेने चालणाऱ्या एका ट्रकचा जुना पोलादी बंपर आहे. माझी गोष्ट जन्मापासून सांगायला हवी, पण मला आधी आठवतो तो शेवटचा साधा दिवस.

माझे मालक वेल्डर होते. त्या दुपारी ते शेडमध्ये माझ्यासमोर स्टुलावर बसले होते. शेजारच्या खोक्यात नवा अ‍ॅल्युमिनियमचा बंपर होता. त्यांची मुलगी चहा घेऊन आली.

"ठरलं का तुमचं?"

"नवा हलका आहे. गंजायचा नाही. पुढच्या स्प्रिंगांनाही जरा आराम मिळेल."

"मग लावा की. वर्षभर तेच सांगतेय."

"पण खडकावर आपटला तर तडकेल. हा नुसता वाकतो. वाकलेलं तापवून सरळ करता येतं."

"बाबा, बंपर निवडताय, जावई नाही."

"जावई निवडायला तू मला विचारलंस कुठे?" ते हसले. "उद्या बघू."

संध्याकाळी त्यांनी रोजच्यासारखा चाकाखाली दगड सरकवला आणि पायाने दोनदा ठोकला. सकाळी ते उठलेच नाहीत.

त्यांनीच मला घडवलं होतं. जाड पत्रा कापून, वाकवून, जोडून. डोंगरावरच्या विजेच्या मनोऱ्यांचं सामान आम्ही वर्षानुवर्षं वाहिलं. वाटेत लोक मला थोपटून म्हणत, "काम दणकट आहे हं." मला बरं वाटायचं.

माझ्या डाव्या कोपऱ्यावर हातोडीच्या खुणा आहेत. मुलगी एकोणीस वर्षांची असताना, बाबा दुपारी झोपलेले पाहून तिने ट्रक बाहेर काढला आणि पुलाच्या कठड्यावर घातला. मग गुपचूप आणून शेडच्या भिंतीला टेकवून ठेवला. शेडची जमीन त्या भिंतीकडे उतरती आहे. बाबांनी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "हँडब्रेक लावायला विसरलो. म्हातारा झालो मी." ती दारात उभी होती. काही बोलली नाही.

तेव्हापासून तो दगड आला. अठरा वर्षं. हँडब्रेक ओढून ते निघत, अर्ध्या वाटेवरून परत येऊन पुन्हा ओढून बघत. घरात सगळे त्यांना विसरभोळे म्हणून चिडवत. तीही हसायची.

ते गेल्यावर तीन महिने शेड बंद होती. माझ्यावर धूळ बसली, कडेला गंज चढला. आज मेकॅनिक आला.

"ताई, नवा लावतो. हा भंगारात देऊ?"

तिने माझ्या डाव्या कोपऱ्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"नको. नवा परत न्या. हा राहू दे."

"स्प्रिंगा बसतील हो."

"बसू देत. बदलू."

मित्रांनो, आम्हाला फार काही लागत नाही. वेळेवर रंगाचा एक हात, आणि वाकलं तर वेळेवर सरळ करणारं कुणी. आतून धरलेला गंज बाहेरून दिसत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा.

मेकॅनिक गेला. तिने चाकाखालचा दगड ओढून काढला आणि मांडीवर घेऊन स्टुलावर बसली. ती रडत नव्हती. बाबा गेले तेव्हापासून एकदाही रडली नव्हती. माझ्याकडे पाहत, चहाचं विचारावं तशा आवाजात ती म्हणाली,

"बाबा, हँडब्रेक लावलेला होता. तुम्ही काही विसरला नव्हतात. ट्रक मी ठोकला होता."