शेळीचं पुढे काय झालं

हौसाने कापडात गुंडाळलेलं पुस्तक बाहेर काढलं, पदराने पुसलं आणि रोहिणीबाईंच्या टेबलावर ठेवलं.

"ह्यातलं वाचू दे तिला," ती म्हणाली. "मंग कळंल, पोर कुठं इसरली ते."

तिची नात प्रतिक्षा टेबलाशी उभी होती, वेणीचं टोक तोंडात धरून. पहिली-दुसरीची बाकीची पोरं पाट्यांवर बेरजा करत असल्याचं दाखवत होती, पण कान सगळ्यांचे इकडे होते. प्रतिक्षाचा बाप प्रविण दारातच थांबला होता. तो डोलवीला ठेकेदाराकडे कामाला होता. शनिवारची शाळा सुटायच्या आत त्याला पोरीचा दाखला हवा होता आणि दुपारच्या शिफ्टलाही पोचायचं होतं.

"बसा ना," रोहिणीबाई म्हणाल्या.

"नको. दाखला द्या बाई. सोमवारपासून ती पेणला जाईल, इंग्लिश मिडियमला. गाडी हायवेपर्यंत येते, मी सोडीन तितवर."

"मधूनच काढताय. वर्ष तरी पुरं होऊ द्या."

"वर्ष पुरं होईस्तोवर आहे तेवढंबी जाईल," प्रविण म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, आणि बाईंना त्याचीच जास्त धास्ती वाटली. भांडायला आलेल्या माणसाची समजूत काढता येते. हा ठरवून आला होता. "मागल्या साली फडाफडा वाचायची. आता बघा. परवा गडबच्या नाक्यावर म्हनलं, दुकानाची पाटी वाच. तर 'कि… रा… णा' करत बसली. चार मानसं हसली. मीच तिला ओढून न्हेली."

प्रतिक्षाने वेणी तोंडातून काढली आणि खाली बघितलं.

"वाच गो बाय," हौसा म्हणाली. "दाव तुज्या बापाला."

पुस्तक गोष्टीचं होतं. प्रविणची बहीण वैशाली याच शाळेत असताना तिला ते बक्षीस मिळालं होतं, आणि त्या घरात देवाच्या फोटोंखालच्या फळीवर जागा मिळालेली ती एकच छापील वस्तू होती. कोपरे झिजून गोल झाले होते. पानांवर खाऱ्या पाण्याचे पिवळे नकाशे उमटले होते. प्रतिक्षाने ते उघडलं, बोट ठेवलं आणि सुरुवात केली.

"एका गावात एक म्हातारी होती. तिची एक शेळी होती. शेळीच्या गळ्यात घंटा होती. म्हातारी हाक मारी, शेळी घंटा वाजवी…"

आवाज सुरात होता, कुठेही न अडखळता. बाजार, गर्दी, तुटलेली दोरी, हरवलेली शेळी, दारोदार विचारत फिरणारी म्हातारी, सगळं धडाधड आलं. हौसाचे ओठ नातीच्या बरोबर हलत होते. शेवटचं पान आलं तेव्हा पुस्तकात पुढे काही नव्हतंच. मलपृष्ठही नव्हतं, नुसते दोरे लोंबत होते. तरी प्रतिक्षा थांबली नाही.

"आणि शेळी सापडली. म्हातारीला आनंद झाला."

"हां," हौसा म्हणाली.

"बघितलं?" प्रविण बाईंना म्हणाला. "घरच्या पुस्तकात कशी वाचते. म्हंजे घोळ कुठं हाय ते तुम्हीच सांगा."

घोळ कुठे आहे ते रोहिणीबाईंना यंदा या शाळेवर आल्यावर, शाळा उघडली त्याच आठवड्यात कळलं होतं. प्रतिक्षाने असंच धडाधड वाचून दाखवलं होतं, आणि बाईंनी सहज ओळीवर तळहात ठेवला होता. वाचन हाताखालून तसंच पुढे गेलं. 'यातलं शेळी कुठे लिहिलंय ते दाखव,' म्हटल्यावर मात्र पोरीचं बोट पानभर भटकत राहिलं. त्या दिवसापासून बाईंनी तिला अक्षरापासून धरलं होतं. पोर हुशार होती आणि चिवटही. 'कि… रा… णा' हा तिने आयुष्यात स्वतः वाचलेला कदाचित पहिला लांब शब्द असेल, आणि त्यावर नाक्यावरची चार माणसं हसली होती. बाईंना त्या चार माणसांचा मनापासून राग आला.

पण हे सांगायचं कसं? पोरीच्या तोंडावर 'ही वाचतच नव्हती' म्हणावं, तर तिच्याकडे होता नव्हता तो मान इथेच, सगळ्या वर्गासमोर जाणार. न सांगावं, तर दाखला जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि पेणला गेल्यावर ही काय करणार, तेही बाईंना दिसत होतं. जे हिला उत्तम येतं तेच. पुन्हा सगळं पाठ करणार, आणि या वेळी आपण काय म्हणतोय तेही तिला कळणार नाही.

त्या उठल्या. कपाट उघडलं. जुनी पुस्तकं लावताना त्यांना हीच गोष्ट सापडली होती, याच पुस्तकाची दुसरी प्रत, कोणी फारसं न हाताळलेली. शेवटचं पान शाबूत होतं. ते त्यांनी अजून वर्गात कोणाला वाचून दाखवलं नव्हतं.

हे करावं का, असा विचार कपाटाशीच त्यांच्या मनात दोनदा आला. पोर गप्प राहिली तर सगळंच आटोपलं.

"आजी, तुमच्या पुस्तकाची मागचं पान कुठे गेलं?"

"खांड पडली ना त्या साली," हौसा म्हणाली. "बांध फुटला, खाडीचं पानी घरात गुडघाभर. पुस्तक तरंगत व्हतं. शेळी पन गेली आमची त्या पान्यात. ही वैशाली रडून रडून… एकच, गोष्टीतल्या शेळीचं काय झालं? म्हनलं, सापडली गो. झोप आता." तिने पुस्तकाचे लोंबते दोरे आत सारले. "तवापास्नं सापडतेच."

प्रविण बाहेर बघत राहिला. तोही त्याच रात्री त्याच घरात होता.

बाईंनी कपाटातलं पुस्तक प्रतिक्षापुढे उघडून ठेवलं. "हे पुढचं पान. वाच."

प्रतिक्षाने पानाकडे न बघताच तोंड उघडलं. "आणि शेळी साप…"

मग तिची नजर चित्रावर गेली. चित्रात म्हातारी होती, घर होतं. शेळी नव्हती.

ती थांबली.

पाट्यांवरच्या पेन्सिलींची करकर बंद झाली. बाईंनी दोन्ही हात मागे धरले, कारण पुढे असते तर एखादं बोट अक्षराखाली गेलं असतं.

"सापडली गो," हौसा हळूच म्हणाली. "म्हन ना."

प्रतिक्षाच्या मानेवर घाम आला होता. प्रविणने घड्याळाकडे बघितलं आणि तो दारातून एक पाऊल आत आला. पोरीला दंडाला धरून न्यायला निघालेल्या माणसाचं पाऊल होतं ते.

"रा…" प्रतिक्षा म्हणाली. "रा… त… रात्र."

प्रविण होता तिथे थांबला.

"रात्र… झा… ली. रात्र झाली." बोट सरकलं, परत मागे आलं, पुन्हा सरकलं. "शे… ळी. शेळी. आ… ली. शेळी आली…"

"आली ना?" हौसाचा चेहरा उजळला. "तेच तर."

"…ना… ही. शेळी आली नाही."

"चुकलीस गो. सापडते शेळी."

प्रतिक्षाने आजीकडे बघितलं. ज्या आजीच्या मांडीवर ती ही गोष्ट शिकली होती, तिला चूक म्हणायचं होतं. पोरीचे डोळे भरून आले. तरी बोट पानावरून हललं नाही.

"नाय आजी. हितं तसं नाय."

"आगो, मी सांगते ना…"

"हितं 'नाही' हाय."

प्रविण टेबलापाशी आला. पोरीच्या खांद्यावरून वाकून त्याने तिच्या बोटाखालचा शब्द बघितला. मग त्याने तिथला दुसरा शब्द बघितला, तिसरा बघितला. ही गोष्ट त्यालाही लहानपणापासून तोंडपाठ होती, आणि हे शब्द तिच्यात नव्हते.

"हे पान तुला कोनी शिकवलं?" त्याने विचारलं.

"कोनी नाय. मी आत्ता बघितलं."

त्याने हात टेबलावर टेकवला. "पुढं?"

पुढे दोनच ओळी होत्या. त्या संपायला इतका वेळ लागला की बाहेर शिजलेली खिचडी उतरवल्याचा आवाज आला, आणि एकही पोर जागचं उठलं नाही.

"म्हा… म्हातारीने… दि… वा… दिवा लावला. दार… ला… व… ले… नाही. दार लावले नाही."

हौसाने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मंग शेळीचं काय झालं?" तिने विचारलं. आता ती नातीला विचारत होती.

प्रतिक्षाने पान उलटलं. मागे कोरं होतं. तिने तेही नीट बघून घेतलं.

"पुढं काय लिवलं नाय."

हौसाने बराच वेळ त्या कोऱ्या पानाकडे बघितलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "दार लावलं नाय ना पन."

प्रविणने पुन्हा घड्याळ बघितलं. शिफ्टची वेळ होत आली होती. दाखल्याचा शब्द आता येईल, मग येईल, म्हणून रोहिणीबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्याने कपाटातलं पुस्तक मिटलं आणि हातात घेतलं.

"हे घरी न्हेलं तर चालंल?"

"शाळेचं आहे ते," बाई म्हणाल्या. "परत आणून द्यावं लागेल."

"आनंल ना," प्रविण म्हणाला आणि पुस्तक पोरीच्या हातात दिलं. "सोमवारी येताना आनंल ती."