बसव्वाच्या पायातला नारू

माझं तोंड कसं हाय ते कमठाण्यात कुणालाबी विचारा. नवऱ्यापासून मठातल्या अय्यापर्यंत समदे या चंद्रम्माला वचकून. अन् नारू काढण्यात तर माझा हात धरणारं आसपासच्या धा गावांत कुणी नव्हतं. आमची बारव पायऱ्यांची. पाय बुडवूनच लोक पाणी भरायचे, अन् उन्हाळा आला की घरोघरी नारू. फोड फुटला की आतला दोऱ्यासारखा किडा मी काडीवर गुंडाळायची, रोज बोटभर, न तोडता.

पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेला, त्याला तिसरं वर्ष असंल. माझी धाकटी जाऊ बसव्वा, कामाला वाघीण, तिची नडगी सुजली. थंडी वाजून ताप आला. म्या पाय बघायच्या आधीच सांगून टाकलं, नारू हाय म्हणून.

मग चाचपलं. नारू कातडीखाली सुतळीवाणी लागतो, बोटाखाली सरकतो. बसव्वाच्या पायात कायबी लागलं न्हाई. फोडबी नव्हता. नुसतं हाडावर दाबलं की ती ओठ चावायची. पण शेजारच्या चार बाया बघायल्या होत्या, अन् मी पडले तरी नाक वर असली बाई. खोल हाय म्हणले अन् धोत्र्याचा पाला बांधला.

बाजाराच्या दिवशी बिदरचा सरकारी डाक्टर गावात आला. दिरानं त्याला घरी आणलं, म्हणून मी आधीच तापलेली. डाक्टर नवा होता. पाय बघून विचारात पडला, अन् मलाच म्हणाला, "अम्मा, तुम्ही शेकड्यानं नारू काढलेत. खरं सांगा, बोटाला लागला का? लागला नसेल तर हाडात पू झालाय. मग आजच बिदरला न्यायला हवं."

इतक्या मानानं मला कुणी कधी इचारलं नव्हतं. त्याच चार बाया दारात उभ्या होत्या, अन् बसव्वा माझ्याकडंच बघायली होती. तिथं एक शब्द खरा बोलायचा होता, तर माझी जीभ जळाली.

"लागला की," म्हणले, "चांगला हातभर हाय."

त्यानं इश्वास ठेवला. तापाच्या पुड्या देऊन गेला.

चौथ्या दिवशी बसव्वा बरळायला लागली. दिरानं गाडी जुंपून बिदरला नेली. मांडीतून पाय कापला तवा कुठं जीव वाचला. हाडात पूच होता.

कुबडी घेऊन ती घरी आली, अन् मला घास गोड लागंना. शेवटी एका दुपारी ती तूर निवडत बसली होती, तिथं जाऊन समदं ओकून टाकलं. लागला नव्हता, लबाड बोलले, तुझा पाय म्या घालवला.

तिनं मान वर केली न्हाई. "ठाव हाय अक्का. चाचपताना तुझं तोंड उतरलेलं बघितलं होतं म्या."

"मग डाक्टरापुढं बोलली कामून न्हाईस गं बये?"

खडे बाजूला काढत ती म्हणाली, "चार बायांत तुला खोटं पाडून या घरात कुठं ऱ्हायले असते? पायापरीस तुझंच भ्या जास्त वाटलं."