शिक्क्यावरची हळद

"हे पिवळं काय लागलंय?" नसीम मुजावरने भिंगातून डोळा न काढता विचारलं.

सोप्यात बसलेली माणसं बघायला पुढे सरकली. स्वयंपाकघराच्या दारातून साळूबाई म्हणाली, "हळद हाय, ताई. खंडेनवमीला लावतो. हळद आन कुंकू."

"दर वर्षी?"

"व्हय. मी या घरात आल्यापास्नं."

नसीमने पोथीचं पान उजेडाकडे तिरकं धरलं. डाग सोनेरी वेलबुट्टीतून झिरपून मागच्या पानावरही उमटला होता. नाथाजीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मिरजेहून रेल्वेने कोरेगावला उतरून आलेली, फारसी शिकलेली ही बाई. तिच्यापुढे आपलं घर गावंढळ ठरत होतं.

"आडाणी हायत ओ बायका," तो हसत म्हणाला. "कितींदा सांगितलं, पोथीला हात लावू नका. ऐकतंय कोण?"

असं त्याने एकदाही सांगितलं नव्हतं. उलट खंडेनवमीला अंघोळ करून हळदीकुंकवाचं ताट तोच धरायचा. साळूबाईने नवऱ्याकडे नुसतं बघितलं आणि ती आत गेली. नात सृष्टी मान खाली घालून मोबाइलशी चाळा करत राहिली.

पोथी नाथाजीच्या वडिलांनी, तात्याबांनी आणलेली. मोठ्या लढाईत ते इराणकडे होते. तिथल्या एका सरदाराचं पोर नदीत बुडत होतं. तात्याबांनी उडी टाकून ते काढलं. सरदाराने गळ्यातला हार देऊ केला, तो त्यांनी नाकारला, तेव्हा सरदाराने ही पोथी हातावर ठेवली. ही गोष्ट नाथाजी अशी सांगे, की ऐकणाऱ्याच्या पायाला पाणी लागावं. स्वतःबद्दल सांगण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. फौजेतली सगळी नोकरी त्याने लंगरात, जवानांसाठी कणीक मळण्यात घालवली होती. तरी गाव त्याला 'मेजर' म्हणे. तो मान तात्याबांचा आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आता साताऱ्यात सैनिकांच्या घरच्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं. पोथीशेजारी तात्याबांच्या नावाची पाटी लागणार होती. पाटीवरचा मजकूर खरा असावा म्हणून सांगलीत शिकणाऱ्या सृष्टीने नसीमला बोलावलं होतं, आणि तो चारचौघांत ठरावा म्हणून नाथाजीने आळीला चहाला बोलावलं होतं.

नसीम पानं उलटत गेली. निळ्या आभाळाखाली बाग, बागेत कारंजं, कारंज्याशी टेकून बसलेली दोघं. "कविता आहेत," ती म्हणाली. "प्रेमाच्या, बागेच्या, दारूच्या."

"दारूच्या?" शेजारचा धनाजी सरसावून बसला. "आवं मेजर, म्या ह्या पोथीपुढंच शपथ घिऊन दारू सोडली की ओ!"

"तरीच तुझी शपथ दिवाळीपातुर टिकली न्हाई," मागून कुणीतरी म्हणालं. सोपा हसला. नसीमही हसली आणि नाथाजीला जरा बरं वाटलं.

"पुस्तक बरंच हिंडलंय," समासातली बारीक अक्षरं वाचत ती म्हणाली. "एका हकिमाने बायकोसाठी लिहवून घेतलं. तिच्या मुलाने ते विकलं. मग एका गालिचेवाल्याकडे आलं. तो लिहितो, 'कविता कळत नाहीत, पण चित्रं बघून झोप चांगली लागते.'"

"आपल्यातलाच दिसतोय," धनाजी म्हणाला.

शेवटच्या पानावर एक मोठा गोल होता. "हा मात्र वाचता येत नाही. सगळ्यात जास्त हळद याच्यावरच आहे."

"ते यंत्र हाय," नाथाजी म्हणाला. "पूजा त्येचीच."

नसीमने मऊ कुंचल्याने वाळलेली खपली कणाकणाने उचलली. खालून काळी अक्षरं वर आली. ती वाचून तिने कुंचला खाली ठेवला. "आबा, आपण जरा आत बसू या का?"

त्या सरदाराचंच नाव निघालं, असं नाथाजीला वाटलं. "आत कशाला? हितंच सांगा. समदी आपलीच माणसं हायत."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांम्होरं."

"हा शिक्का आहे, यंत्र नाही. एका मदरशाचा, म्हणजे शाळेचा. गालिचेवाल्याने मरताना पुस्तक शाळेला धर्मादाय दिलं. लिहिलंय की, इथे बसून कुणीही वाचावं, उतरवून घ्यावं. विकू नये, कुणाला भेट देऊ नये, दाराबाहेर नेऊ नये." तिचा आवाज बारीक झाला. "खाली ग्रंथपालाची नोंद आहे. 'तपासलं, जागेवर आहे.' आपल्या हिशेबाने साल बेचाळीस."

तात्याबांच्या भिंतीवरच्या फोटोखाली 'इराण, १९४२' असं नाथाजीनेच रंगवून घेतलं होतं.

"म्हंजी..." धनाजीने सुरुवात केली आणि कप बशीत ठेवला.

"लढाईत समदं जळत आसंल," नाथाजी म्हणाला. "वाचवलं आसंल तात्याबांनी."

"असेलही. कागदावरून ते कळत नाही. तेव्हापर्यंत पुस्तक शाळेकडे होतं, एवढंच कळतं."

माणसं एकेक करून उठली. कुणाला म्हशीची धार काढायची होती, कुणाला मोटर चालू करायची होती. एरवी खांद्यावर थाप मारून जाणाऱ्या धनाजीने आज चपला शोधण्यात बराच वेळ घालवला.

सोपा रिकामा झाल्यावर नाथाजी नसीमजवळ सरकला. "म्याडम, ती हळद परत लावली तर?"

तिला लगेच कळलं नाही.

"म्हंजी हुतं तसं. पाटीवर 'भेट' लिवा. एवढी वर्सं झाकलेलंच हुतं की."

"आबा!" सृष्टी म्हणाली.

"मी वाचलंय आता," नसीम हळूच म्हणाली.

नाथाजीने मान वर केली. कप न्यायला आलेली साळूबाई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मघाशी जिला चारचौघांत अडाणी म्हटलं, तिच्याच हातची हळद तो आता आडोशाला मागत होता.

"ताई," साळूबाई म्हणाली, "ती शाळा आजून हाय का?"

"शिक्क्यात गावाचं नाव आहे. शोधून विचारता येईल."

"इचारा. आन त्यास्नी सांगा, हळद मी लावली. देव म्हणून लावली, पर डाग माझ्या हातचा हाय."

"आमी लावली," नाथाजी म्हणाला. "ताट मी धरत हुतो. एकदाबी नगं म्हणलो न्हाई. मगा खोटं बोललो." हे सगळं तो जमिनीकडे बघून बोलला.

"ठावं हाय मला," साळूबाई म्हणाली आणि कप गोळा करू लागली.

परतीच्या गाडीची वेळ झाली, तेव्हा नसीमने पुस्तक पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून दिलं. उत्तर येईपर्यंत ते कोरड्या जागी ठेवायचं होतं, उन्हापासून लांब. प्रदर्शनाचं काय करायचं, असं सृष्टीने विचारलं. "न्हाई येत म्हणून कळीव," नाथाजी म्हणाला.

पुस्तक छातीशी धरून तो सवयीने देव्हाऱ्याकडे वळला.

"तिथं नगं," साळूबाई म्हणाली. "आपल्या देवाचं न्हाई ते, लोकाचं हाय."

"मग ट्रंकेत?"

"लपवल्यागत हुईल."

तिने पाहुण्यांसाठी राखलेली धुतलेली चादर काढली, सोप्यातल्या खाटेवर अंथरली, कोपरे ओढून सुरकुत्या घालवल्या आणि पुस्तक मधोमध ठेवलं.

तिन्हीसांजेला नाथाजी खाटेपाशी आला. कडेला टेकणार, तोच थांबला. खाटेवर जागा भरपूर होती. त्याने गुडघ्यांवर हात टेकले, हळूहळू अंग खाली सोडलं आणि तो जमिनीवर बसला.