सुनेचं शेवाळ

सासूबाईंना सुनेचा अभिमान होता, पण सुनेला त्याचा वाराही लागू दिला नव्हता. शेजारणीला मात्र नाकावर टिच्चून सांगायच्या, आमची सून दगडातलं शेवाळ ओळखते, तेही माणूस नावाचं जनावर जन्मायच्या आधीचं.

सून कामाला होती त्या संग्रहालयात रंगकाम निघालं म्हणून सूनबाई एक पातळ काळा दगड घरी घेऊन आली. त्यावर फांद्यांसारखी करडी नक्षी होती. तिथल्या मोठ्या साहेबांच्या मते ती किड्यांच्या सरपटण्याची वाट. सुनेच्या मते जुन्या समुद्राच्या तळावर उगवलेलं शेवाळ. दुसऱ्या दिवशी साहेब घरी येऊन निकाल देणार होते. शेवाळ ठरलं तर शोध सुनेचा, नाहीतर दगड अडगळीत.

दगड ओल्या फडक्यात गुंडाळून सून बाजारात गेली. ओलं फडकं आणि त्याखाली शेवाळ, हे सासूबाईंच्या घरात खपणार होय? त्यांनी फडकं धुऊन वाळत घातलं आणि दगड खिडकीत उन्हाला ठेवला. तापला तसा तो तडकला आणि थरावरून सरळ दुभंगला.

सून आली आणि तिने दोन्ही तुकडे उचलले. "आई, हा सावलीत हळूहळू वाळवायचा असतो."

सासूबाईंनी वाळलेलं फडकं पुन्हा भिजवून आणलं.

मग सुनेने भिंग लावलं, आणि कितीतरी वेळ मान वर केली नाही. आतल्या थरावर तीच फांदी खाली उतरली होती. टोकाला बशीसारखं पसरट बूड, समुद्राच्या तळाला घट्ट धरून बसलेलं. त्याच्या आडोशाला बारीक नळ्यांची दाटी. किड्यांची घरंच ती.

साहेब आले, भिंग पुसून पुसून पाहिलं. किड्यांनी नक्षी केली असेल, हे त्यांचं पालुपद सुरू होताच सून शांतपणे म्हणाली, "वाटेला बूड नसतं, साहेब."

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. शेवाळच आहे, म्हणाले, आणि शोध तुमचाच. मग दगड इतका सरळ कुणी उघडला, असंही विचारलं.

"आईंनी," सून म्हणाली, हसू दाबत.

साहेब सासूबाईंना समजावू लागले, की या एका शेवाळाने तळ धरून ठेवला म्हणून एवढ्या जिवांना आसरा मिळाला.

"त्यात नवल ते काय?" सासूबाई ताठ बसल्या. "घरोघरी एक असतंच तसं. आमच्याकडे दोन आहेत."