हाकेची दिशा

सोनालीनं मेंढीच्या पोटाखाली दोन्ही हात घातले आणि तिला टेम्पोला लावलेल्या फळीवर रेटलं. मेंढी अर्ध्यातून फिरली, हिसडा देऊन पुन्हा कळपात घुसली. मंद्रूपच्या त्या माळावर ऊन चांगलंच चढलं होतं आणि टेम्पोत अजून एकही जनावर गेलं नव्हतं.

"चारी दिशेला तोंडं ह्यांची," व्यापारी शिवपुत्र वैतागला. "आसं कसं चढतील ओ?"

एरवी सोनालीला हसू आलं असतं. सोलापूरच्या प्रयोगशाळेत तिचं तरी दुसरं काय चालायचं? लिक्विड क्रिस्टल पॉलिमर, म्हणजे एकाच दिशेला तोंड केलेल्या लांबलचक ताठर रेणूसाखळ्यांचं प्लास्टिक. तापवलं की ते वितळून वाहू लागतं, साखळ्यांची जागा सुटते, पण दिशा सुटत नाही. फार तापवलं तर मात्र दिशाही जाते आणि सूक्ष्मदर्शकातलं रंगीत चित्र काळं पडतं. पुन्हा निववताना घाई चालत नाही. एकटी साखळी वळत नाही, शेजारणींना घेऊन हळूहळू वळते.

वडलांना, आण्णांना, तिनं हे एकदा समजावलं होतं. वाटेनं चाललेल्या मेंढरांसारखं, जागा कुणाची ठरलेली नाही, जायचं मात्र एकीकडं.

"मग तितं हाक कोन मारतं?" सिदूआण्णांनी विचारलं होतं.

"चुंबक," ती म्हणाली, आणि बापलेक पोट धरून हसले होते.

आण्णा उन्हाळ्यात गेले. गुडघे धरलेल्या मायाक्काला मेंढरांमागं फिरणं होईना आणि मेंढरं सोडून लेकीच्या सोलापुरातल्या खोलीवर येणंही होईना. आईला इथं एकटीला ठेवायच्या विचारानं सोनालीची झोप उडाली होती. शेवटी व्यापारी तिनंच बोलावला. मायाक्का "तू बग" एवढंच म्हणाली आणि घरामागं भिंतीकडं तोंड करून तूर पाखडत बसली. आज मेंढरं गेली नाहीत, तर तिला पुन्हा तयार करणं कठीण होतं.

"पोरी, तू हाक मार की," आण्णांचा धाकटा भाऊ जोतिरामकाका म्हणाला. "तुजा आवाज थेट दादाचा हाय."

"नको काका."

"मग न्हायत चढायची."

सोनाली फळीशेजारी उभी राहिली. छाती भरून श्वास घेतला.

"हुर्रर्र... या!"

म्हाताऱ्या मेंढीनं मान वळवली. तिच्या शेजारची वळली, मग तिच्यापलीकडची. बघता बघता सगळा कळप सोनालीकडं तोंड करून चालू लागला. तिच्या मांड्यांना अंग घासत मेंढरं मुकाट फळी चढू लागली. आपण त्यांना फसवतोय, आण्णांच्या आवाजानं फसवतोय, हे तिला लख्ख कळत होतं. तरी तिनं दुसरी हाक दिली, तिसरी दिली. तिसरीला आवाज फाटला.

घरामागून घाईघाईची पावलं वाजली. डोक्यावर पदर ओढून, पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन मायाक्का जवळजवळ पळत आली, आण्णा मेंढरं घेऊन परतले की यायची तशी. कोपऱ्यावर थबकली. तिनं माळाच्या वाटेकडं पाहिलं, टेम्पोकडं पाहिलं, मग सोनालीकडं.

तांब्यातलं पाणी तिच्या हातावर हिंदकळलं.

मायाक्का पुढं आली आणि तांब्या लेकीच्या हातात दिला.

"पी," ती म्हणाली. "त्येंचाबी आसाच घसा बसायचा."