तिने धरलेली जागा

जेरुशा गेल्यावर तिसऱ्या शुक्रवारी मी फरशी धुतली. ती दर शुक्रवारी धुवायची, म्हणून. बादलीभर पाणी ओतायचं आणि रबर लावलेल्या दांड्याने ते बाहेर ओढायचं, एवढंच काम. चहा ठेवून वळलो तेव्हा फरशी सुकत आली होती आणि तिच्यावर ओली पावलं होती. बाईची, लहान. डाव्या पावलाला चारच बोटं. लहानपणी बैलगाडीच्या चाकाखाली जेरुशाची करंगळी गेली होती.

पावलं झोपायच्या खोलीतून निघून दारापर्यंत गेली होती. आत येणारं एकही नव्हतं.

मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, ठाण्याचा. माझी बायको जेरुशा नगरची, ख्रिस्ती. आम्ही १९६८ साली इस्राएलात, रामल्याला आलो. आमच्या लोकांच्या लग्नांबद्दल इथले रब्बी आधीच शंका काढत होते. मी घाबरलो आणि कागदावर तिला ज्यू लिहिलं. तिला म्हणालो, "कुठे बोलू नकोस." तीस वर्षं ती बोलली नाही. शब्बाथचे दिवे लावले, बायबल पिठाच्या डब्यामागे ठेवलं. हॉस्पिटलात शेवटी म्हणाली, "अहो, आता तरी सांगा मी कोणाची आहे ते."

मी हो म्हणालो आणि सांगितलं नाही. आमच्या रोनचं जूनमध्ये नुरीतशी लग्न ठरलं होतं. आई ज्यू नाही म्हटल्यावर मुलगाही ज्यू ठरत नाही, आणि रब्बी लग्न लावत नाहीत. मी तिला ज्यू म्हणून पुरलं.

पुढच्या शुक्रवारी शेजारची डेझी माशाचं कालवण घेऊन आली.

"काय रे मेयर, अख्खं किनेरेतचं तळं ओतलंस की काय घरात?"

मग तिला पावलं दिसली. ती वाकली, नीट बघितलं.

"ही आपल्या जेरुशाची."

"हो."

"बाहेरच जाते रे ही. आत कधी येते?"

डेझीने पातेलं जमिनीवर ठेवलं.

"तू काय केलंस तिला?" एवढंच विचारून भिंतीच्या कडेकडेने ती निघून गेली. नंतर कालवण आलं ते उंबऱ्याबाहेर.

पाचव्या शुक्रवारी मी फरशी धुतली आणि दार उघडं टाकून खुर्चीवर बसलो. एकामागून एक पाऊल उमटत गेलं. आवाज नव्हता. पावलं दाराबाहेर पडली तसा मीही उठलो.

दुपारचे बारा वाजले होते. त्या उन्हात ओला कपडा पाच मिनिटांत सुकतो, पण जिन्यावरची पावलं सुकली नाहीत. रस्त्यावरची सुकली नाहीत. बाजारातले लोक त्यांच्यावरून चालले, तरी ती पुसली नाहीत. शेवटी ती अरब ख्रिस्ती लोकांच्या एका लहान देवळात शिरली. मी त्या देवळावरून तीस वर्षं जात होतो, आत कधी गेलो नव्हतो.

आत एक म्हातारी बाई झाडत होती. नाव सल्वा. पावलं तिसऱ्या बाकापाशी थांबली होती. सल्वाने मला पाहिलं आणि हिब्रूत म्हणाली, "आलास? उशीर केलास."

"तुम्ही मला ओळखता?"

"भारतातल्या बाईचा नवरा ना तू? ती दर शुक्रवारी बाजाराच्या वेळेला येऊन इथे बसायची. शेजारी भाजीची पिशवी ठेवायची. कोणाला बसू द्यायची नाही. म्हणायची, आमचे हे येणार आहेत. मी म्हणायची, बाई, वीस वर्षं झाली, तुझा नवरा काय पायी निघालाय भारतातून? तेव्हा हसायची."

"शेवटची कधी आली होती?"

"गेल्या शुक्रवारी," सल्वा म्हणाली आणि पुन्हा झाडायला लागली.

मी पिशवीच्या जागेवर बसलो. बाक थंड होता. माझ्या शेजारी मात्र लाकूड कोमट होतं, कोणी आत्ताच उठून गेल्यासारखं. भीती वाटली. तरी मी उठलो नाही. मला प्रार्थना येत नव्हती. मराठीतच म्हणालो, "प्रभू येशू, ही तुझी आहे. मी चोरून माझी म्हणून ठेवली. मलाही ठेवून घे."

ठाण्यात असताना मला इकडची ओढ होती, इथे आल्यावर ठाण्याची. त्या बाकावर मला कुठेच जावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी रोन घरी आला. मी मराठीत सगळं सांगितलं. तो हिब्रूत म्हणाला, "अबा, लग्न होईपर्यंत थांबायचंस. ती काही कुठे जात नव्हती."

"जात होती," मी म्हणालो. "मी बघितलं."

"मग मी आता कोण? आणि तू?"

"तुझं तू ठरव. मी तुझी आई ज्याची होती त्याचा."

रोन जेवला नाही. लग्न सायप्रसला झालं, तिथे रब्बी लागत नाही. मला बोलावणं नव्हतं. नुरीतने एक फोटो पाठवला, रोनला न विचारता.

मी कबरस्तानाच्या कचेरीत जाऊन खरं काय ते लिहून दिलं आणि त्याच महिन्यात सल्वाच्या देवळात बाप्तिस्मा घेतला. पाळकांचा एक हात माझ्या डोक्यावर होता, दुसऱ्यात पाण्याचं भांडं. सल्वा दाराशी उभी होती. पाठीवर एक तिसरा हात होता, लहान, कोमट. कोणाचा, ते मी पाळकांना विचारलं नाही.