लपणाबाहेरची वाट

"आधी गुडघा आत घे, मग डोकं. डोकं आधी घातलंस तर ट्रायपॉडवर आपटेल."

त्यानं हे कुजबुजत सांगेपर्यंत त्याच्या बायकोचं डोकं ट्रायपॉडवर आपटलंही होतं. कपाळ चोळत ती लपणात शिरली. लपण म्हणजे बोरूच्या चटयांची, एका माणसालाही कूस बदलता येणार नाही एवढीशी झोपडी. समोर एक झरोका आणि त्यातून बाहेर डोकावणारी कॅमेऱ्याची लांबलचक लेन्स. झरोक्यापलीकडे तळ्याचं पाणी, त्यापलीकडे बोरूच्या उंच गवताचं दाट बेट आणि त्यात जांभळ्या बगळ्यांचं घरटं. घरट्यात तीन पिल्लं, जवळजवळ आईबापांएवढी झालेली, सारखे पंख झाडणारी. आज नाही तर उद्या उडतील अशा बेतात. असली लपणं त्या दोघांनी मिळून किती मोसम उभारली होती याला गणती नव्हती, पण आत बसायची तिची ही पहिलीच वेळ.

"लाल ठिपका दिसला की चालू आहे समजायचं."

"माहीत आहे."

"घाई करायची नाही. पिल्लू घरट्याच्या कडेला आलं की..."

"अहो, ऑपरेशन तुमच्या मणक्याचं झालंय, माझ्या डोक्याचं नाही. निघा आता. आणि मोठ्यानं बोलत जा."

मोठ्यानं बोलत जाणं हे त्यांच्या धंद्यातलं जुनं गुपित. बगळे हुशार असतात, पण हिशेबात कच्चे. लपणापाशी दोघं आले आणि त्यातला एक हात हलवत, गलका करत निघून गेला की त्यांना वाटतं, गेली ब्याद. मग ते निर्धास्त घरट्यावर उतरतात. आजवर आत बसणारा तो होता आणि जाणारी ती. दूध उतू घालवू नका, खिडक्या लावल्यात का, असल्या लपणाशी काडीचा संबंध नसलेल्या सूचना रिकाम्या पायवाटेला देत ती दिसेनाशी व्हायची आणि संध्याकाळी त्याला न्यायला यायची. त्याच्या माहितीपटांच्या शेवटी तिचं नाव 'साहाय्य' या शब्दापुढे बारीक अक्षरांत येई. निघून जाण्याबद्दल नाव छापून येणारी जगात मी एकटीच असेन, असं ती म्हणायची.

पण यंदा डॉक्टरांनी त्याला वाकून बसायची बंदी केली होती. आणि यंदाच बगळ्यांनी घरटं उशिरा बांधलं होतं. पलीकडच्या काठानं बोरूची कापणी केव्हाच सुरू झाली होती. वारा फिरला की विळ्यांची सपसप लपणापर्यंत ऐकू यायची. आता हे एकच बेट उभं होतं. कापणारे इथवर पोचले की घरटं गेलंच, आणि न उडालेली पिल्लं पाण्यात. कापणाऱ्यांकडे परवाना होता, त्यामुळे त्यांच्याकडे बोट दाखवायचीही सोय नव्हती. त्यानं कचेरीत अर्ज केले, फोन केले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यानं ठरवलं, ही पायवाट जिथं संपते त्या बोरूच्या वखारीत आज स्वतःच जायचं आणि हात जोडायचे. अस्वलासमोर पापणी न हलवता उभा राहिलेला माणूस, पण अनोळखी माणसांकडे काही मागायचं म्हटलं की तो वाट बदलत असे.

वाटेला लागल्यावर मोठ्यानं काय बोलावं ते त्याला सुचेना. मग त्यानं भाषणाची तालीमच सुरू केली.

"मित्रहो," तो बगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "हे तळं तुमचं नाही, माझंही नाही."

बगळ्यांनी हरकत घेतली नाही. 'निसर्गाचा समतोल' या शब्दांवर तो दोनदा अडखळला, आणि वाक्य काही केल्या पुरं होईना म्हणून त्यानं ते सोडूनच दिलं.

वखार म्हणजे पत्र्याचं मोठं छप्पर. खाली सात-आठ बायका बोरूच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. मधोमध बसलेल्या मुकादमबाईनं डोळ्यांवर हात धरून त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्यामागे पाहिलं.

"ताई कुठे आहेत?"

"कोण ताई?"

"या वाटेनं रोज येतात त्या. तुम्ही कोण?"

"मी तिकडे... लपणात बसतो. बगळ्यांचं चित्रीकरण करतो."

"अगंबाई, आतले!" मुकादमबाई ओरडलीच. "अगं, ताईंचे आतले आलेत! ताई बऱ्या आहेत ना हो?"

"बरी आहे. आज ती आत बसलीय."

याचं त्या सगळ्यांना इतकं हसू आलं, की एकीला ठसकाच लागला. कुणीतरी खांबाजवळची चटई झटकली. तिथंच बसा, ती ताईंचीच जागा, असं त्याला सांगण्यात आलं. खांबाला पाठ टेकून तो बसला. हातात चहाचा ग्लास आला. समोर सगळ्या बायका, त्यामुळे 'मित्रहो' बाद झालं होतं. त्यानं घसा खाकरला.

"एक विनंती होती. ते शेवटचं बेट आहे ना..."

"त्याला हात नाही लावलेला. कसा लावू? ताईंचा निरोप कुठं आलाय अजून?"

"कसला निरोप?"

मुकादमबाईनं जुडीची गाठ आवळली.

"उडाली म्हणून. त्या येऊन सांगतात, मगच आम्ही तिकडे विळा लावतो. पहिल्या साली उन्हाच्या त्रासानं सावलीला बसल्या होत्या. बोलणं निघालं, पिल्लांचं कळलं. म्हटलं, राहू दे ते बेट शेवटी. तेव्हापासून तसंच चाललंय. तुम्हाला ठाऊक नाही होय?"

"पण उशिरा कापलेला बोरू वाळत असेल."

"वाळतो की. हात चिरतो मेला. म्हणून तर ताई बसतात आमच्यात बांधायला. म्हणतात, उशीर माझ्यामुळं, मग मलाही थोडं चिरू दे."

तिनं हात पुढे केले. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. त्याच्या बायकोच्या बोटांवरही दर मोसमात अशाच चिरा असायच्या. स्वयंपाक करताना कापलं असेल, असं त्यानं आपलं परस्पर ठरवून टाकलं होतं.

एकदा एका भरल्या सभागृहात, मानचिन्ह छातीशी धरून तो म्हणाला होता, की एका कॅमेऱ्यानं एक तळं वाचवलं. टाळ्या थांबता थांबत नव्हत्या. तीही पहिल्या रांगेत बसून वाजवत होती. ते आठवलं आणि त्याचे कान तापले. पण लाज वाटली त्याहून कितीतरी जास्त त्याला बरं वाटलं. आपण ज्या वाटेकडे पाठ करून बसायचो, तिथं आपल्यासाठी इतकं चांगलं चाललेलं होतं, आणि ते आपल्याला न मागता मिळत होतं. भाषण चहाबरोबर पोटात गेलं.

"फार उपकार झाले तुमचे," तो म्हणाला.

"उपकार कसले! पण एक सांगून ठेवते. तुम्ही येऊन सांगितलंत तर आम्ही ऐकणार नाही हं. तुम्हाला काय, फोटो मिळाला की उडालीच सगळी."

दुपारभर तो तिथंच बसला. त्यानं बांधलेली पहिली जुडी उचलताच सुटली, तेव्हा बायकांनी तोंडं फिरवून हसायचं सौजन्य दाखवलं.

उन्हं उतरल्यावर तो लपणाशी परतला. ती रांगत, उलटी बाहेर आली. केसांत बोरूची कुसं, डोळे लाल, पण चेहरा असा की त्याला तो क्षणभर अनोळखीच वाटला.

"दोन उडाली," ती म्हणाली. "तिसरं कडेपर्यंत येतं, खाली बघतं आणि मागं फिरतं. भारी भित्रं आहे हो."

"लाल ठिपका?"

"होता, होता. लाल ठिपका, लाल ठिपका!"

"म्हणजे एक राहिलंय. वखारीत सांगायला हवं."

कपडे झटकता झटकता ती थांबली.

"गेला होतात?"

"हो."

"चहा दिला का त्यांनी?"

"दोनदा. मला कधी बोलली नाहीस."

"कधी बोलणार? लपणातून बाहेर आलात की जे तोंड सुटायचं, ते थेट घरापर्यंत. बगळा असा वळला, उजेड तसा पडला. माझी पाळी येईपर्यंत जेवणं उरकायची."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली आणि पिशवीबरोबर हातात आलेली बोटं सोडली नाहीत.

"हे तळं मी वाचवलं म्हणून जगभर सांगत फिरलो. वाचवलं तू. मला आज इतकं बरं वाटतंय ना, की आभार कसे मानायचे तेच कळत नाही."

"मानू नका. हात तेवढा घट्ट धरा, पाय आखडलेत माझे." ती लंगडत एक पाऊल चालली. "आणि तुम्ही बसायचात कसे हो इतका वेळ? दुपारीच मला रडू यायला लागलं होतं. पण उठवतही नव्हतं."

दोघं वखारीच्या वाटेला लागले. थोडं अंतर गेल्यावर तो म्हणाला,

"सांग ना. पहिलं कसं उडालं?"

ती सांगू लागली. आईनं मासा आणला, पण घरट्यात न येता समोरच्या बोरूवर बसून राहिली, इथपासून. मध्ये त्याला उजेडाबद्दल विचारायची फार इच्छा झाली, पण त्यानं ती गिळली. पहिल्या पिल्लाचं सांगून संपेपर्यंत वखार दिसायला लागली. मुकादमबाई छपराच्या कडेला उभी राहून विळ्याला धार लावत होती. दोघांना एकत्र येताना बघून तिचा हात थांबला.

ती अजून सांगतच होती. दुसऱ्याच्या पंखांत वारा कसा भरला, ते पाण्याला पोट घासत कसं गेलं, शेवटच्या क्षणी कसं उचललं गेलं. तिचं बोलणं तोडणं त्याच्या जिवावर आलं. त्यानं मुकादमबाईकडे बघून नुसतं एक बोट वर केलं.

मुकादमबाईनं ताईंच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, मान डोलावली, आणि विळा आतल्या खुंटीला अडकवून ठेवला.